वन्संची जीभ आणि पालकाचा वाफा

माझ्या धाकट्या लेकीचं लग्न झालं आणि लगोलग थोरल्या मुलाने बायकोला घेऊन दोन गल्ल्या पलीकडे बिऱ्हाड केलं, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात आम्ही तिघंच उरलो. मी, माझे घरचे आणि माझी थोरली नणंद. पुढच्या बाजूला खाणावळ, मधे स्वयंपाकघर, मागे भाजीचे वाफे, आणि या सगळ्यावर वन्संचं राज्य.

खाणावळ काचेच्या कारखान्याच्या फाटकासमोर होती. दुपारचा भोंगा झाला की आधी भट्टीवरची माणसं यायची, घामाने निथळलेली, भुवया जळालेली. ती धाडकन बाकांवर बसायची. मग कचेरीतली माणसं यायची. ती आधी रुमालाने बाक पुसायची, मग बसायची. दोघांना वाढायचं एकाच पातेल्यातलं, आणि त्या पातेल्यात मीठ घालायचं ते वन्संनी. मीठ एकाच हाताचं, हा आमच्या घरचा कायदा. कारण उघड होतं. स्वयंपाकघरातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की मीठ राहिलंय. प्रत्येकाने भलेपणाने एकेक चिमूट टाकली की पातेलं गटारात. मी सून म्हणून घरात आले तेव्हा वन्संनी मला सगळ्यात आधी मिठाची बरणी दाखवली आणि म्हणाल्या, "ही बघून ठेव. हिला शिवायचं नाही."

वन्संचं लग्न झालं होतं. नवऱ्याबद्दल त्या एवढंच सांगायच्या, की माणूस बरा होता, पण अळणी खायचा. तो गेल्यावर त्या भावाकडे आल्या, चुलीपाशी उभ्या राहिल्या, त्या उभ्याच. बाजारातल्या भाजीवर त्यांचा विश्वास नव्हता. मागच्या अंगणात पालक, मुळा, घेवडा आणि कांद्याची पात त्या स्वतः पिकवायच्या आणि स्वतःच्या ताटात तेवढंच वाढून घ्यायच्या. वर काळाकुट्ट चहा. दूध नको, अंडं नको, मांसमासळी तर नकोच. चुलीतली राख रोज वाफ्यात. "मातीला राख आणि माणसाला भूक, बाकी सगळे चोचले," असं त्यांचं म्हणणं.

तर त्या वर्षी थंडी पडायच्या सुमारास वन्सं अचानक सुधारल्या.

म्हणजे असं, की मी केलेल्या भाजीला त्या नावं ठेवेनात. लग्न झाल्यापासून माझी एकही भाजी त्यांच्या जिभेच्या तावडीतून धड सुटली नव्हती. कधी कच्ची, कधी करपट, कधी "हे काय, भिंतीला लावायचं का?" आणि आता ताट मुकाट्याने संपवून हात धुवायला जात होत्या. मला भरून आलं. मी यांना म्हटलं, "तुमच्या अक्का देवमाणूस झाल्या हो."

हे म्हणाले, "आजारी असेल."

पाठोपाठ खाणावळीतला रस्सा खारट व्हायला लागला. आधी थोडा, मग इतका की पाण्याचे तांबे दुप्पट भरावे लागले. गंमत अशी की भट्टीवाल्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या अंगातलं मीठ घामाबरोबर वाहून जायचं, त्यांना खारटच रुचायचं. त्यांच्यात एक म्हातारा काच फुंकणारा होता, त्याला सगळे फुंकऱ्या म्हणत. तो वाटी तोंडाला लावून म्हणायचा, "आता कुठे आजीला स्वयंपाक जमायला लागला." पण कचेरीवाले एकेक करून डबा आणायला लागले. शेवटी मोठ्या साहेबाने यांना फाटकापाशी थांबवून सांगितलं की थंडी संपेपर्यंत सुधारणा झाली नाही, तर कारखाना आवारातच दुसऱ्याची खाणावळ काढेल.

त्या दिवशी भांडी घासताना हे माझ्या शेजारी येऊन बसले. भांडी घासायला नाही, नुसतेच.

"अक्काच्या हातातली पळी काढून घ्यायला लागेल. आचारी ठेवतो."

"मग सांगा त्यांना."

"तू सांग."

"मी? बहीण तुमची."

"नणंद तुझी."

दोघांनीही सांगितलं नाही. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. वन्संना मूल नाही, बाळ नाही, स्वतःचं घर नाही. शेजारणीकडे जाऊन बसायची सवय नाही. त्यांच्यापाशी होती ती पळी. ती काढून घेतली की त्या बाजूच्या खोलीत खाटेवर बसणार आणि आम्ही येता-जाता त्यांच्याकडे बघणार, एवढंच उरत होतं. माझं आणि त्यांचं कधी पटलं नाही, पण ते चित्र मलाही बघवेना.

यांनी त्यातल्या त्यात एक युक्ती केली. मिठाच्या बरणीत निम्मं तांदळाचं पीठ मिसळलं. वन्संनी मूठ टाकली तरी मीठ अर्धंच पडेल, असा हिशेब. दोन दिवस बरं चाललं, फक्त रस्सा खिरीसारखा घट्ट व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "हल्लीच्या मिठात दमच नाही, भुरभुरतंय नुसतं," आणि दोन मुठी टाकल्या.

मग मी त्यांना गुडघ्याचं निमित्त करून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई हुशार. गुडघा बघता बघता म्हणाल्या, "आजी, जीभ काढा." मग साखर दिली, मीठ दिलं, कडू औषधाचा थेंब दिला. वन्सं सगळ्याला "हं, आहे आपलं" म्हणत गेल्या. बाई म्हणाल्या, "तोंडाची चव गेलीये. असं बऱ्याच कारणांनी होतं. पण तुमचं खाणं ऐकलं, रक्त तपासलं, त्यावरून दिसतंय की अंगात जस्त फार कमी आहे. गोळ्या देते."

"जस्त?" वन्सं म्हणाल्या. "बादलीला लावतात ते?"

"तेच."

"मग गोळ्या कशाला? घरी दोन बादल्या आहेत, रोज एक चाटीन."

गोळ्या घेतल्या मात्र, आणि रोज जेवणानंतर आमच्यासमोर तोंडात टाकायच्या, वर पाणी प्यायच्या, आणि मग हात धुवायला मागच्या अंगणात जायच्या. महिना झाला तरी रस्सा खारटच. मला संशय आला, पण वन्संचं तोंड उघडून बघणार कोण?

त्याच सुमारास धाकटी आणि जावई राहायला आले. जावई सरकारी माती तपासणीत नोकरीला होते. वन्संनी त्यांचं नाव मातीमास्तर ठेवलं होतं. घरात आल्या आल्या लोक फोटो बघतात, देवघर बघतात, हे गृहस्थ सरळ मागे गेले आणि पालकाच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले. पानं उलटीसुलटी केली, माती चुरगाळली, वास घेतला आणि चार ठिकाणची माती पिशवीत भरून घेतली.

वन्सं खिडकीतून ओरडल्या, "अगं, तुझ्या सासरी माती पण नाही का?"

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आई, तुमच्या वाफ्यात जस्त नावालाही नाही. थोडं आहे तेही राखेमुळे अडकून बसलंय, मुळांना मिळत नाही. मातीत नाही म्हणून पानात नाही, पानात नाही म्हणून आत्याबाईंच्या अंगात नाही. त्या दुसरं काही खातच नाहीत."

"आणि आम्ही? आम्हीपण तोच पालक खातो."

"तुम्ही बाकीचंही खाता ना," ते हळूच म्हणाले. फाटकाजवळच्या गाडीवर हे रोज उकडलेली अंडी खातात आणि मला बांधून आणतात, हे जावयाला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. धाकटी लहानपणापासून पोटात काही ठेवत नाही.

"गोळ्या घेत नसतील तर वाफ्यालाच औषध देऊ," जावई म्हणाले. "झिंक सल्फेट, शेतकरी गहू-मक्याला घालतात तेच. पालक ते मातीतून उचलतो आणि पानात साठवतो. पेरणीआधी एका वाफ्याला एक मूठ, चाळलेल्या मातीत कालवून, सगळीकडे सारखी. एकच मूठ, आई. आणि राख जरा कमी करा."

"त्यांना कळलं तर त्या वाफ्यातलं पान तोंडात घालायच्या नाहीत."

"कळू नाही द्यायचं."

असं सांगणारा जावई मिळायला भाग्य लागतं.

पांढऱ्या खड्यांची ती पुडी मी पदरात लपवली. वन्सं दुपारी खाटेवर कलंडल्या की त्यांचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं. घोरणं सुरू झालं तशी मी मागे गेले, मूठभर खडे मातीत कालवले, वाफ्यात पसरले, वर दाताळं फिरवलं. राखेची बादली मी भरायला लागले आणि वाफ्यापर्यंत पोचेपर्यंत ती निम्मी करायला लागले. वन्संनी पालकाचं बी टाकलं, पाणी घातलं, आणि मी लोणी खाल्लेल्या मांजरीसारखी घरात फिरायला लागले.

पालक उगवला, वीतभर वाढला आणि पिवळा पडला. साधा पिवळा नाही, कोवळी पानं पिवळी आणि त्यातल्या शिरा हिरव्या, जाळीच्या कापडासारखी.

वन्संनी कमरेवर हात ठेवून सगळ्यांकडे बघितलं. "माझ्या वाफ्याकडे कोण वाकडं बघतंय?" मग माझ्याकडे बघून, "तू मागे जात जाऊ नकोस." पण पिवळा झाला म्हणून पालक टाकून देणाऱ्यातल्या त्या नव्हेत. "रंगाने काय पोट भरतं?" म्हणत रोज जुडी खुडायच्या, शिजवायच्या आणि एकट्याच खायच्या. आम्हाला देत नसत, तेवढी माया होती.

मी थोरल्याकडून जावयाला निरोप धाडला. दोघं नवराबायको आले. जावई वाफ्यापाशी बसले, पानं बघितली आणि त्यांचा चेहरा पालकासारखाच झाला.

"आई, किती टाकलंत?"

"मूठभर. तुम्ही सांगितली तेवढीच."

ते मान हलवत राहिले. तेवढ्यात धाकटी पायाने माती उकरत म्हणाली, "मी पण एक टाकली होती."

"तू? कधी?"

"मागे आले होते तेव्हा. मला वाटलं आई विसरेल."

"मी विसरेन? मी?"

"दोन मुठींनी एवढं नाही होत," जावई म्हणाले. मग आम्ही तिघांनीही हळूहळू मान वळवली. हे कुंपणापाशी उभे राहून आभाळ बघत होते.

"बाबा?"

"काय आहे, तुमचं बोलणं मला खिडकीतून ऐकू आलं होतं. म्हटलं ही विसरेल. म्हणून बियाणाच्या दुकानातून जरा आणलं."

"किती मुठी टाकल्यात?"

"मुठी नाही. पिशवी."

"केवढी पिशवी?"

"होती तेवढी. थोडं उरलं." जावयाचा चेहरा बघून हे समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, तुम्ही मूठ म्हणालात. शिकलेल्या माणसाची मूठ लहान असते."

पिशवीवर मोठ्या अक्षरात किती घालायचं ते लिहिलं होतं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. यांना येत होतं, पण हे वाचत नसत.

ज्या घरात मिठाला दुसरा हात लागत नव्हता, त्या घरात वाफ्याला तीन हात लागले होते, आणि प्रत्येकाने बाकीच्यांना विसरभोळं ठरवून, गुपचूप, भलेपणाने टाकलं होतं.

"काय कुजबुजताय त्या पालकापाशी?" स्वयंपाकघरातून वन्संचा आवाज आला. "कोण गेलंय का?"

जावयांनी डोक्याला हात लावला. चार दिवस थोडाफार खाल्ला त्याने काही बिघडत नाही, पण हा पालक आता रोज नको, तो उपटायचा, असं ते म्हणाले. वाफ्यात कुजलेलं शेणखत भरपूर घालायचं, आणि राख घालायची.

"राख?" मी म्हटलं. "राख कमी करा म्हणाला होतात ना?"

"जस्त अडकवते म्हणून कमी म्हटलं होतं. आता अडकायलाच हवंय." ते कसनुसे हसले. पुढे वन्संनी ही राखेची गोष्ट ऐकली तेव्हा त्या दोन महिने गल्लीभर सांगत होत्या, की सरकारी माणूस आला, वाफा बिघडवून बसला आणि शेवटी माझ्या राखेलाच शरण आला.

पण वन्संच्या हातून पालक उपटवायचा कसा? ते काम यांनी केलं. तोंड पाडून आत गेले आणि म्हणाले, "अक्का, मांजराने पालकाच्या वाफ्यात घाण केली गं." वन्सं खराटा घेऊनच बाहेर आल्या. अर्ध्या तासात वाफा मोकळा झाला. मांजर बिचारं कौलावर बसून सगळं ऐकत होतं. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

माती खणायला जावई आणि मी बसलो. घेवड्याच्या कडेने खुरपं लावलं तर मातीतून पांढरं काही निघालं. एक गोळी. अर्धी विरघळलेली. चार बोटांवर दुसरी. मग तिसरी. दोरी लावून पेरल्यासारखी सरळ ओळ घेवड्याच्या टोकापर्यंत गेलेली.

जावयांनी एक गोळी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मी डोळा मिचकावला. त्यांनी गोळी परत खड्ड्यात ठेवून वरून माती ढकलली.

"चौथा हात," ते पुटपुटले.

"याने पण वाफा बिघडला का?"

"छे हो. गोळीत असून असून किती असणार? पण पेरणी मात्र सुरेख आहे."

खत घातलं, राख घातली, खालवर केलं, पाणी दिलं. नवा पालक उगवला तो हिरवागार, रुंद पानांचा. वन्सं खुश झाल्या. मांजर गेल्यामुळे जमिनीला बरकत आली, असं म्हणाल्या. मांजर गेलं नव्हतं, थोरल्याकडे राहायला गेलं होतं.

थंडी उतरणीला लागली होती. साहेबाने दिलेली मुदत संपत आली होती आणि रस्सा अजून खारटच होता. आणि एक दिवस सकाळी वन्संनी चहाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "करपवलास का गं?"

मी धावत पुढच्या दालनात गेले. "अहो, त्या म्हणाल्या चहा करपला!"

"मग चांगला करायचास."

"अहो, करपला होता! खरंच करपला होता!"

यांच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. पडला तसा चेहरा उतरला. "आता काय करू? आचाऱ्याला मी सांगून आलोय. आज दुपारी येतोय स्वयंपाकघर बघायला."

आचारी आला. जाडजूड, स्वच्छ, मनगटाला घड्याळ. भोंग्याला थोडाच वेळ होता. मोठं पातेलं रटरटत होतं आणि वन्सं पळी घेऊन उभ्या होत्या.

हे म्हणाले, "अक्का, हे माझ्या ओळखीचे. स्वयंपाकघर बघायला आलेत."

"का? इथे काय वाघ ठेवलाय?" वन्सं त्याच्याकडे न बघता म्हणाल्या आणि बरणीत हात घातला. चिमूट बोटांवर चोळली. मग कितीतरी महिन्यांनी ती जिभेला लावली आणि थबकल्या. "हे मीठ आहे की पीठ?"

बरणी भरताना हे अजूनही कालवत होते ते पीठ आता वन्संना लागत होतं. त्यांनी ती बरणी बाजूला सारली, स्टूल ओढलं, वर चढल्या आणि वरच्या फळीवरून दुसरी बरणी काढली. मी सहज यांच्याकडे बघितलं. यांच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

मला कळायला एवढं पुरे झालं. पिशवीतलं उरलेलं झिंक या माणसाने बरणीत भरून फळीवर ठेवलं होतं, अक्काचा हात तिथपर्यंत पोचत नाही म्हणून. पांढरे खडे, मिठासारखे. आणि वन्सं त्यातली भरली मूठ घेऊन पातेल्यावर आल्या होत्या. भट्टीवाले, कचेरीवाले, साहेब, सगळ्यांचं जेवण त्या मुठीखाली रटरटत होतं.

"वन्सं!" मी ओरडले.

"काय?"

"हात... हात भाजेल."

"इतकी वर्षं नाही भाजला."

हे म्हणाले, "अक्का, ते..." आणि थांबले. पुढचं बोलायचं तर वाफा सांगावा लागणार, पीठ सांगावं लागणार आणि घड्याळवाला आचारी कशाला आलाय तेही. मी पातेलं ओढायला पुढे झाले. तेवढ्यात वन्संनीच हात मागे घेतला. नवी बरणी, नवं मीठ. आधी जिभेवर, मग पातेल्यात, ही त्यांची जुनी रीत. जीभ गेल्यापासून ती त्यांनी सोडून दिली होती. त्यांनी मुठीतला एक खडा जिभेच्या टोकाला लावला.

"थू! थू थू!" मूठ सगळी मोरीत. चुळा भरल्या, पदराने जीभ पुसली. "कडू! तुरट! गंजका खिळा चाटल्यासारखं! कुणी ठेवलं हे मीठ म्हणून?"

"वन्सं, कडू लागलं?" मी म्हटलं.

"मग काय गोड लागेल?"

"आणि तुरट पण?"

"अगं, तुला वेड लागलंय का?"

मी त्यांना मिठी मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या खांबासारख्या उभ्या राहिल्या, पळी एका हातात, दुसरा हात हवेत. "सोड. पातेलं उतू जाईल," म्हणाल्या. मग भावाकडे वळल्या. "शहाण्या, काय आहे ते?"

"जस्त."

"माझ्यासाठी?"

"वाफ्यासाठी. म्हणजे तुझ्यासाठीच, पण वाफ्यातून." आणि मग यांच्या तोंडून सगळं घडाघडा बाहेर पडलं. साहेबाची मुदत, तांदळाचं पीठ, पिशवी, मांजराचा निरपराधपणा, आणि शेवटी, खाली मान घालून, आचारी.

वन्संनी आचाऱ्याकडे एकदा बघितलं, मग हातातल्या पळीकडे. त्यांची हनुवटी थोडी हलली. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही बघितलं नाही, कारण तेवढ्यात भोंगा झाला.

"शेजारून मीठ आण," त्या भावाला म्हणाल्या. "पळत."

हे पळाले. मीठ आलं. वन्संनी चाखलं, टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखलं, पुन्हा अर्धी चिमूट टाकली. मग पळीत थोडा रस्सा घेऊन आचाऱ्यापुढे धरला. "घ्या पाहुणे. तुम्हीच सांगा."

आचाऱ्याने फुंकर घातली, चाखला, क्षणभर डोळे मिटले. मग यांच्याकडे वळून म्हणाला, "दादा, मला नाही जमायचं. एक तर यांच्यासारखं मला येत नाही. आणि दुसरं म्हणजे, जिथे मालक बरणीत पीठ कालवतो आणि फळीवर असलं काही ठेवतो, तिथे मी उभा राहणार नाही. जेवायला मिळेल का?"

वन्संनी त्याला भट्टीवाल्यांच्या बाकावर बसवून वाढलं. कचेरीवाल्यांनी रस्सा दुसऱ्यांदा मागून घेतला. नाराज झाला तो एकटा फुंकऱ्या. वाटी खाली ठेवून म्हणाला, "आजीचा हात पुन्हा बिघडला."

संध्याकाळी पातेली उपडी घातल्यावर वन्संनी आम्हा दोघांना समोर बसवलं.

"पळी काढून घ्यायची होती तर तोंडावर सांगायचं होतं."

"हिंमत झाली नाही, अक्का," हे म्हणाले.

"मग विचार मातीमास्तरांना. हिमतीसाठी पण मातीत काही घालायचं असतं का." मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला कळत होतं रे. लोकांची तोंडं दिसत नव्हती का मला? जिभेला काही लागतच नव्हतं. अंदाजाने टाकत होते. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बस आता खाटेवर."

तेच म्हणणार होतो आम्ही.

"आणि वन्सं, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या?" मी विचारलं. "त्या घेवड्याखाली कशा गेल्या?"

"उंदरांनी नेल्या असतील."

"सरळ ओळीत?"

"शिस्तीचे उंदीर असतात काही."

दुसऱ्या दिवशी माझी भाजी कच्ची ठरली आणि तिसऱ्या दिवशी भिंतीला लावायच्या लायकीची. साहेबाने पुन्हा काही विचारलं नाही. कचेरीवाल्यांचे डबे बंद झाले. पुढे दर वर्षी पेरणीआधी जावई माती तपासून सांगत आणि वन्सं स्वतः मोजून वाफ्यात घालत. आम्हाला तेव्हा कुंपणाच्या आत यायला बंदी असे.

माझे घरचे गेले ते धाकटीचा थोरला मुलगा शाळेत जायला लागला त्या वर्षी, थंडीत, छातीच्या दुखण्याने. वन्सं त्यांच्यानंतर चार वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडाला, एका मंगळवारी सकाळी गेल्या.